पैशाचं सोंग

मराठीत म्हण आहे: सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही. भक्तीचं, विद्वत्तेचं, आजारपणाचं, अगदी दुःखाचंही सोंग माणूस वठवू शकतो. उधारी मागणारा दारात उभा राहिला की मात्र सोंग संपतं. इंग्रजीत नेमकं पैशाचं सोंग आणण्यासाठी एक शब्द आहे: काउंटरफिट. खोटी नोट, बनावट नाणं, नकली औषध यांच्याबरोबर तो रोज वर्तमानपत्रात येतो आणि ऐकताक्षणी पोलीस आठवतात. या शब्दाने आयुष्याची कित्येक शतकं बऱ्यापैकी अब्रूने काढली होती, हे त्याच्याकडे बघून आज खरं वाटत नाही.

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. जुनं इंग्रजी समोर असलं की हा शब्द हमखास पायात येतो. ‘हॅम्लेट’मध्ये एक प्रवेश आहे. आईच्या दालनात हॅम्लेट तिच्यासमोर दोन चित्रं धरतो, एक मेलेल्या बापाचं आणि एक काकाचं. बघ, कोणाला सोडून तू कोणाकडे गेलीस, असं तो विचारतो. त्या चित्रांसाठी त्याच्या तोंडी काउंटरफिट हाच शब्द आहे. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून तिथे ‘बनावट’ लिहिलं, तर बापाचं चित्रच खोटं ठरतं आणि प्रवेश कोसळतो. कारण हॅम्लेटचा सगळा युक्तिवाद त्या दोन चेहऱ्यांच्या खरेपणावर उभा आहे. इथे काउंटरफिट म्हणजे हुबेहूब उतरलेली छबी. ‘व्हेनिसचा व्यापारी’मध्ये बॅसानियो शिशाची पेटी उघडतो तेव्हा आत त्याला पोर्शियाचं काउंटरफिट सापडतं आणि तो चित्रकाराची तारीफ करत सुटतो. खऱ्याची छबी आणि खोटं नाणं एकाच शब्दात कसे नांदले, आणि पुढे त्यातला एकच कसा उरला, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

व्युत्पत्ती साधी आहे. लॅटिनमधला ‘काँत्रा’ आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे, यांचा जोड फ्रेंचमध्ये ‘काँत्रफेर’ झाला आणि तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत पोचला. ‘फाकेरे’चंच शेपूट फॉरफिट आणि सरफिट या शब्दांनाही आहे. कळीचा भाग ‘काँत्रा’ हा. त्याचा अर्थ ‘विरुद्ध’ असाही होतो आणि ‘समोर’ असाही. एखादी वस्तू समोर ठेवून तिच्यासारखी दुसरी करणं, हा झाला एक अर्थ. तिच्याविरुद्ध, तिची जागा घ्यायला दुसरी उभी करणं, हा झाला दुसरा. पुढची सगळी भानगड या उपसर्गात आधीपासूनच दडलेली आहे.

हे आपल्याला नवं वाटायला नको. संस्कृतातला ‘प्रति’ असाच दुतोंडी आहे. प्रतिपक्ष, प्रतिस्पर्धी यांत तो विरोधात उभा राहतो. प्रतिमा, प्रतिबिंब यांत आरशासारखा समोर राहतो. ‘कृ’ म्हणजे करणे. काँत्रा-फाकेरे शब्दशः संस्कृतात न्यायचं झालं तर हाती येतं प्रति-कृ. त्यातूनच प्रतिकृती आली आणि प्रतिकारही आला. आपण दोघांना वेगवेगळी घरं दिली. इंग्रजीने दोघांना एकाच खोलीत ठेवलं.

चौदाव्या शतकात ते दोघे त्या खोलीत गुण्यागोविंदाने राहताना दिसतात. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधली मठाधिकारीण दरबारी रीतभात ‘काउंटरफिट’ करते, म्हणजे थोरामोठ्यांचं वागणं मेहनतीने गिरवते. चॉसर तिला मिशीतल्या मिशीत हसतो, पण तिला कोणी गुन्हेगार म्हणत नाही. त्याच शतकात, इंग्लंडच्या १३५१च्या राजद्रोहाच्या कायद्यात, राजाची मुद्रा किंवा राजाचं नाणं ‘काउंटरफिट’ करणं हा थेट राजद्रोह ठरवलेला आहे. कायद्याची भाषा फ्रेंच होती, क्रियापद तेच. एकीकडे चालीरीतींची नक्कल, दुसरीकडे गळ्याला दोर. आणि दोहोंना एकच शब्द पुरत होता, कारण त्यात अजून निंदा भरलेली नव्हती. काय गिरवलं आणि कशासाठी, यावरून चांगलं-वाईट ठरायचं.

या शब्दाला मिळालेला सर्वांत मोठा मान मात्र इंग्लंडबाहेरचा आहे आणि त्याची सुरुवात गोव्यातून होते. १५१४ साली पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द अल्बुकर्क याने गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही. भेटी दिल्या, आणि त्या भेटींत एक जिवंत गेंडा होता. अल्बुकर्कने तो राजा मानुएलकडे धाडला. जानेवारी १५१५मध्ये गोव्याहून निघालेलं जहाज २० मे रोजी लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपात कोणी जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. लिस्बनहून एक वर्णन आणि एक रेखाटन न्यूरेंबर्गला पोचलं, आणि त्यांवरून आल्ब्रेख्त ड्यूररने आपलं प्रसिद्ध काष्ठचित्र केलं. चित्रावरच्या मजकुरात तो सांगतो की हा प्राणी त्याच्या सगळ्या आकारानिशी इथे उतरवला आहे. आणि ‘उतरवणे’ यासाठी त्याने वापरलेलं जर्मन क्रियापद याच काउंटरफिटचं सख्खं भावंड आहे.

ड्यूररने गेंडा कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखे दिसतात आणि मानेजवळ एक जादा शिंग आहे, जे कुठल्याही गेंड्याला नसतं. तरी पुढची दोनेक शतकं युरोपला गेंडा म्हटलं की हाच दिसत राहिला. खरा गेंडा पोप दहाव्या लिओला भेट म्हणून पुढे पाठवला जात असताना १५१६च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि तो साखळदंडांसकट बुडाला. गुजरातचं जनावर गेलं, गोव्याहून निघालेली बातमी राहिली, आणि तिची छबी मूळ वस्तूपेक्षा शतकानुशतकं जास्त जगली.

ही एकट्या ड्यूररची लहर नव्हती. १५३२मध्ये स्ट्रासबुर्ग इथे ओटो ब्रुनफेल्सचा वनस्पतिग्रंथ जर्मनमध्ये निघाला, त्याच्या नावातच ‘काँट्राफाइट’ हा शब्द मिरवलेला आहे. अर्थ असा की यातली झाडंझुडपं प्रत्यक्ष बघून काढली आहेत, जुन्या पुस्तकांवरून उतरवलेली नाहीत. ती चित्रं हान्स वायडिट्झची होती आणि त्यांत वाळलेली, किडीने खाल्लेली पानंसुद्धा जशीच्या तशी आहेत. पीटर पार्शल या कला-इतिहासकाराने १९९३ साली एका महत्त्वाच्या लेखात दाखवून दिलं की त्या काळच्या छापील चित्रांवर हा शब्द ग्वाहीसारखा येतो. आज आपण नकलेवर ‘खरी प्रत’ असा शिक्का मारून घेतो, तसा तेव्हा चित्रावर काउंटरफिटचा शिक्का बसत होता. अर्थात शिक्का खरा होता म्हणून गेंडा खरा झाला नाही. तरी शब्दाने केलेला दावा सत्याचाच होता, हे विसरता येत नाही.

शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीत दोन्ही अर्थ धारदार होते, म्हणून तो त्यांना एकमेकांवर घासून ठिणग्या पाडतो. ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात श्रूजबरीच्या रणांगणावर राजाचा वेष घातलेले अनेक सरदार फिरत असतात. डग्लस एकामागून एक ‘राजे’ मारतो, आणि शेवटी खरा राजा समोर आल्यावर त्यालाच विचारतो, तू तरी खरा का? गंमत अशी की खुद्द हेन्रीनेही दुसऱ्याचा मुकुट हिसकावलेला आहे. डग्लसचा प्रश्न त्याला वाटतो त्यापेक्षा खोल जातो. त्याच रणांगणावर फॉल्स्टाफ मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतो, जीव वाचवतो, आणि उठल्यावर या एका शब्दावर लांबलचक कीस पाडतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मेलेलं मढं हे माणसाचं सोंग आहे, कारण त्यात माणूस नसतो, मी जगण्यासाठी मेल्याचं सोंग घेतलं, म्हणजे मी जीवनाची सच्ची छबी ठरलो. भित्र्याची पळवाट म्हणून आपण हसतो, पण शब्दाच्या दोन्ही बाजू त्याने बरोबर पकडलेल्या असतात.

मग छबीचा अर्थ गेला कुठे? माझ्या समजुतीप्रमाणे तो नाण्याने गिळला. राजाचं नाणं म्हणजे काय, तर धातूच्या चकतीवर उमटवलेली राजाची छबी. जुन्या अर्थाने प्रत्येक अस्सल नाणं हेच एक काउंटरफिट होतं. चोरट्या टांकसाळीतल्या माणसाने त्या छबीची छबी काढली, की तो राजाच्या चेहऱ्याशीच खेळत असे, म्हणून शिक्षा चोराची न होता राजद्रोह्याची होत असे. आयझॅक न्यूटन १६९६ साली लंडनच्या टांकसाळीत अधिकारी म्हणून गेला आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे स्वतः लागला. विल्यम शॅलोनर नावाचा यातला पटाईत माणूस त्याने गोळा केलेल्या पुराव्यांवर १६९९मध्ये फासावर गेला. बायकांना या गुन्ह्यासाठी जाळण्याची शिक्षा होती. १७८९मध्ये कॅथरीन मर्फी या बाईला आधी गळफास देऊन मग जाळलं. त्यानंतरच्या वर्षी ही शिक्षा कायद्याने बंद झाली. छबीला पोर्ट्रेट, लाइकनेस असे दुसरे शब्द हाताशी होतेच. ज्या शब्दाला दोराचा आणि जळक्या मांसाचा वास लागला, तो आपल्या आईच्या चित्रासाठी कोण वापरणार?

या इतिहासातली मला सर्वांत बोलकी वाटणारी वस्तू १८१९ सालची आहे. फ्रान्सशी चाललेल्या युद्धात बँक ऑफ इंग्लंडने १७९७पासून नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि छोट्या रकमेच्या नोटा काढल्या. त्या नोटा गरिबाच्या हातात आल्या, आणि नक्कल करायला सोप्या होत्या. खोटी एक पौंडाची नोट खपवली म्हणून माणसं फासावर जाऊ लागली. त्यांतल्या कित्येकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराने विल्यम होन या प्रकाशकासाठी तेव्हा एक नोट काढली. आकार नोटेचा, मांडणी नोटेची. पण तिच्यावर ओळीने फासावर लटकलेली माणसं होती, पौंडाच्या खुणेत फाशीचा दोर होता, आणि खाली सही होती जॅक केच या कुप्रसिद्ध जल्लादाच्या नावाची. होनच्या दुकानासमोर बघ्यांची गर्दी जमली. ही नोट म्हणजे शंभर टक्के नक्कल होती. मात्र तिने कोणालाच फसवलं नाही. फसवणूक करायची असती तर लटकलेली माणसं लपवावी लागली असती. तिने तीच तर दाखवली.

शब्दाची भावंडं दुसऱ्या घरांत कशी वाढली हेही पाहण्याजोगं आहे. जर्मनमध्ये ‘काँटरफाय’ आजही चेहऱ्याची छबी; जरा जुनाट, जरा थट्टेतला शब्द, पण निष्कलंक. फ्रेंचमध्ये ‘काँत्रफासों’ म्हणजे नकली माल किंवा स्वामित्वहक्काचं उल्लंघन, आणि ‘काँत्रफे’ म्हणजे वेडंवाकडं अंग असलेला. संगीताच्या अभ्यासकांकडे ‘काँट्राफॅक्टम’ आहे: असलेल्या चालीवर नवे शब्द बसवणं. युरोपातली कितीतरी भक्तिगीतं अशीच प्रेमगीतांच्या चालींवर उभी आहेत. एकाच लॅटिन जोडशब्दाची ही नातवंडं: एक चित्रकार, एक गुन्हेगार, एक अपंग, एक गायक.

आपल्याकडे नाणं आणि छबी यांचं नातं तर शब्दातच कोरलेलं आहे. ‘रुपया’च्या मागे ‘रूप्य’ आहे आणि त्याच्या मागे ‘रूप’. ठसा उमटवलेलं ते रूप्य, असा अर्थ पाणिनीलाही माहीत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खोटी नाणी पाडणारा ‘कूटरूपकारक’ आहे. त्याला ओळखायच्या खुणा दिल्या आहेत: जो वारंवार धातू, क्षार, कोळसे, भाते, सांडशी विकत घेतो, ज्याच्या हाताला आणि कपड्यांना काजळी, राख, धूर लागलेला असतो. आणि त्याला पकडायचा उपाय असा की गुप्तहेराने त्याचा शिष्य बनून आत शिरावं. म्हणजे सोंग पकडायला सोंगच. जैन आचारात याहून नेमकी गोष्ट सापडते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे भंग सांगितले आहेत, त्यांत एक आहे ‘प्रतिरूपक-व्यवहार’, म्हणजे अस्सल म्हणून नकली माल देणं-घेणं. शब्दाचा दुसरा भाग नीट पाहावा. दोष प्रतिरूप करण्यात सांगितलेला नाही, त्याच्या व्यवहारात सांगितला आहे.

नेमका हाच धागा १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या २८व्या कलमात येतो. काउंटरफिट म्हणजे काय, याची व्याख्या तिथे दोन पायांवर उभी आहे: एक वस्तू दुसरीसारखी दिसेल असं करणं, आणि त्या सारखेपणातून फसवण्याचा हेतू असणं किंवा फसगत होण्याचा संभव ठाऊक असणं. नक्कल तंतोतंत असण्याची गरज नाही, असंही स्पष्टीकरण आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही व्याख्या पुढे चालवली. हिंदी कायद्याने यासाठी ‘कूटकरण’ हा शब्द घेतला आणि कौटिल्याचं ‘कूट’ पुन्हा कचेरीत आणून बसवलं.

मराठी बोलण्यात मात्र आपण ‘नक्कल’ म्हणतो, आणि या शब्दाची कहाणी काउंटरफिटच्या फार जवळची आहे. अरबीतल्या ‘नक़्ल’चा मूळ अर्थ एका जागेवरून दुसरीकडे वाहून नेणं. त्यावरून उतरवून घेणं आणि त्यावरूनच भाषांतर करणंही. लॅटिनमधल्या ‘त्रान्सलातियो’चा अर्थही वाहून नेणंच. तहसील कचेरीत आपण कागदाची नक्कल मागतो ती खरी असते, तिच्यावर शिक्का असतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरगं मास्तरांची नक्कल करतं तेव्हा मास्तरही हसतात. ‘नकली’ म्हटलं की मात्र खेळ खलास. एका ईकाराने शब्दाची अब्रू गेली.

हे सगळं मला धंद्यापुरतं लागू होतं, म्हणून या शब्दाने मला धरून ठेवलं आहे. अनुवादकाला मराठीत मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी कोणती? ‘अनुवाद वाटतच नाही!’ ती ऐकून मलाही बरं वाटतं, वाक्य मराठीत नीट बसलं असा त्याचा अर्थ मी घेते. पण दंड संहितेच्या दोन पायांवर ही शाबासकी उभी करून पाहिली की थोडं अवघडायला होतं. पहिला पाय, सारखेपणा, हे तर माझं कामच आहे. दुसऱ्या पायाचं काय? काही वर्षांपूर्वी माझा एक अनुवाद छापताना प्रकाशकाने मुखपृष्ठावरून माझं नाव तर गाळलंच, ‘अनुवाद’ हा शब्दही गाळला; मूळ लेखिकेचं नाव मराठी लेखिकेसारखं ठळक छापलं. ‘अनुवाद म्हटलं की लोक हात लावत नाहीत,’ असं कारण मिळालं. मजकुरातला एक शब्दही बदललेला नव्हता. तरी पुस्तक हातात घेतल्यावर ते मला परकं वाटलं, आणि माझी तक्रार नावाच्या हौसेपेक्षा वेगळी आहे हे मला त्यांना पटवून देता आलं नाही. वाचकाला आपण काय वाचतो आहोत हे कळू द्यायचं नाही, असं तिथे ठरलेलं होतं. आणि त्या ठरावाला माझीच वाक्यं वापरली गेली होती.

आपल्या आधीच्या लोकांना ही लाज नव्हती. आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणलं तेव्हा ‘विकारविलसित’ असं देखणं नाव दिलं, आणि नावाला जोडूनच हे शेक्सपिअरच्या नाटकाचं भाषांतर आहे हेही सांगितलं. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडली तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. कधी ते गाणं लावणी असतं, कधी भजन, कधी दुसऱ्याच भाषेतलं. पद मराठीत रुजलं, लोकांच्या ओठांवर बसलं, पुष्कळदा मूळ गाणं विसरलंही गेलं. पण ती बारीक टायपातली ओळ तिथेच राहिली. गाण्याला तिने कमीपणा आणला असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

हॅम्लेटच्या हातातल्या चित्रासाठी मी अखेर ‘तसबीर’ हा शब्द घेतला. तोही अरबीतून आलेला, ‘सूरत’च्या घराण्यातला. त्यात खोट्या नाण्याचा खणखणाट नाही, म्हणजे शेक्सपिअरच्या शब्दाचा अर्धा भाग सांडला. तो कुठे सांडला हे मी तळटिपेत लिहिलं. आता करारावर सही करण्याआधी मी दोन अटी लिहून घेते: मुखपृष्ठावर ‘अनुवाद’ हा शब्द राहील, आणि तळटिपा काढल्या जाणार नाहीत. यामुळे एकदोन कामं हातची गेली आहेत.